डेलॉस: स्वतःचे काहीच नसलेले बेट

तुमचे प्रश्न दोन आहेत. ग्रीसच्या मिकोनॉस बेटावर चार दिवस राहणार आहात, त्यातला एक दिवस शेजारच्या डेलॉससाठी काढावा का, हा पहिला. आणि ज्या बेटावर आज गाव नाही, सावली नाही, गोड्या पाण्याचा झरा नाही, त्याला ग्रीक इतिहासात एवढे मोठे स्थान मिळाले कसे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लगेच देतो: जरूर काढा, आणि जमलं तर पहिलाच दिवस काढा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो आणि होड्या बंद ठेवाव्या लागतात. पहिला दिवस हुकला तर हाताशी दुसरा असतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र दोन ओळींत उत्तर देता येणार नाही. प्राचीन ग्रीक इतिहास आणि शिलालेख हा माझा शिकवण्याचा विषय आहे, विद्यार्थ्यांना घेऊन या बेटावर अनेकदा जाणं होतं, आणि हाच प्रश्न तिथे हमखास निघतो.

आधी बेटाचा आकार लक्षात घ्या. लांबी सुमारे पाच किलोमीटर, रुंदी जेमतेम सव्वा, क्षेत्रफळ साडेतीन चौरस किलोमीटरच्या आत. मध्ये किंथॉस नावाची टेकडी, उंची ११२ मीटर. बाकी ग्रॅनाइटचे खडक, काटेरी झुडपं आणि वारा. पिकाऊ जमीन थोडी, इमारती लाकूड नाही, खाण नाही. पश्चिमेला चिंचोळ्या खाडीपलीकडे रेनिया बेट आहे, ते डेलॉसपेक्षा मोठं आणि शेतीला बरं. सिक्लडीझ द्वीपसमूहातली नॅक्सॉस, पॅरॉस, अँड्रॉस ही बेटं प्रत्येक बाबतीत डेलॉसहून श्रीमंत होती.

मार्गदर्शक पुस्तकांत या महत्त्वाचं कारण एका ओळीत सांगतात: इथे अपोलोचा जन्म झाला. ते खरंच आहे, पण तेवढ्याने कोडं सुटत नाही. देवजन्माचा मान सांगणारी ठिकाणं ग्रीक जगात इतरही होती. हा मान याच खडकाला चिकटला, आणि त्यावर हजारभर वर्षं उत्सव, तिजोऱ्या, बाजारपेठा उभ्या राहिल्या, त्याचं कारण माझ्या मते बेटाच्या दारिद्र्यातच आहे. ज्याच्याकडे काही नाही त्याचा कुणाला धाक नसतो. नॅक्सॉसच्या देवळात अथेन्सने पैसा ठेवला नसता, अथेन्सच्या देवळात नॅक्सॉसने ठेवला नसता. डेलॉसवर दोघांनीही ठेवला.

हे मी आजच्या नजरेने सांगतोय असं वाटेल, पण ग्रीकांनी ते स्वतःच सांगून ठेवलं आहे. अपोलोचं जे प्राचीन स्तोत्र होमरच्या नावावर चालत आलं आहे, त्यात अपोलोची गरोदर आई लेटो बाळंतपणासाठी जागा शोधत क्रीट, अथेन्स, एजिना, युबिया अशी वणवण फिरते. देवराज झ्यूसची बायको हेरा हिच्या कोपाच्या आणि येणाऱ्या प्रतापी देवाच्या भीतीने कुणी तिला थारा देत नाही. शेवटी ती डेलॉसकडे येते आणि चक्क व्यवहाराचं बोलते. तुझ्याकडे गुरं नाहीत, मेंढ्या नाहीत, द्राक्षं पिकत नाहीत, तुला कोण विचारणार? माझ्या मुलाचं देऊळ झालं तर लोक बळी घेऊन येतील, आणि तुझ्या माणसांना तू परक्यांच्या हातून पोसशील. बेटाला प्रस्ताव आवडतो, पण मनात शंका आहे. हा मुलगा म्हणे फार उग्र होणार. त्याने मला पाहिलं, हा खडकाळ तुकडा त्याला आवडला नाही, लाथ मारून त्याने मला समुद्रात बुडवलं, आणि माझ्यावर ऑक्टोपसांनी आणि काळ्या सीलांनी घरं केली तर? तेव्हा बेट लेटोकडून पाताळातल्या स्टिक्स नदीची शपथ घालून घेतं की पहिलं देऊळ इथेच होईल. मगच तिला उतरू देतं. नऊ दिवस नऊ रात्री वेणा चालतात, कारण प्रसूतीची देवी आयलिथियाला हेराने अडवून ठेवलेलं असतं. बाकीच्या देवी नऊ हात लांबीच्या सोन्याच्या हाराचं आमिष दाखवून तिला बोलावून घेतात, आणि लेटो ताडाच्या झाडाला मिठी मारून बाळंत होते.

देवस्थानाचं अर्थकारण इतक्या मोकळेपणाने सांगणारी जन्मकथा मला दुसरी माहीत नाही. बेटाचा करार झाला आहे, तोही लेखी असावा इतका पक्का, आणि पुढचा सगळा इतिहास या कराराच्या अंमलबजावणीचा आहे. त्यातली मेख अशी की देव आला, पैसा आला, परके आले. बेटाच्या मूळ माणसांच्या वाट्याला काय आलं ते पुढे बघू.

इ. स. पू. सातव्या शतकात इथे नॅक्सॉसचा वरचष्मा होता. संगमरवर त्यांच्याच बेटावरचा, म्हणून त्यांनी तो हात सैल सोडून वाहिला. पवित्र तळ्याकडे तोंड करून बसलेली सिंहांची रांग त्यांचीच. आज उघड्यावर दिसतात त्या प्रतिकृती आहेत, मूळ सिंह वाऱ्या-पावसापासून वाचवण्यासाठी संग्रहालयात हलवले आहेत. त्यातला एक फार पूर्वी व्हेनिसला नेला गेला, आणि तिथल्या जुन्या गोदीच्या दाराशी तो नवं डोकं बसवलेल्या अवस्थेत उभा आहे. अपोलोचा सुमारे नऊ मीटर उंचीचा पुतळाही नॅक्सॉसकरांनी उभारला. त्याचं धड आणि कंबर अजून आवारात पडलेली आहेत, पाऊल ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पण या काळातली माझी आवडती वस्तू वेगळीच आहे. इ. स. पू. ६५०च्या आसपासचा एका स्त्रीचा पुतळा, माणसाएवढा, फळीसारखा चपटा, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. ग्रीकांनी संगमरवरात घडवलेल्या पूर्णाकृती मूर्तींपैकी ही सर्वांत जुन्यांतली. तिच्या डाव्या अंगाला घागऱ्यावर लेख कोरला आहे. निकांड्रेने हा पुतळा दूरवर बाण सोडणाऱ्या देवीला, म्हणजे आर्टेमिसला, वाहिला. ती नॅक्सॉसच्या डायनोडिकेसची मुलगी, डायनोमेनेसची बहीण आणि आता फ्राक्सॉसची बायको. बाप, भाऊ, नवरा या तिघांच्या नावांनी तिची ओळख सांगितली आहे हे खरं, पण वाक्याचा कर्ता तीच आहे आणि दान तिचं आहे. लेख डावीकडून उजवीकडे, मग वळून उजवीकडून डावीकडे असा जातो, त्यामुळे वाचताना मान तिरकी करावी लागते. विद्यार्थ्यांना मी तो अक्षर अक्षर लावायला सांगतो, कारण एवढ्या जुन्या ग्रीक लेखात स्त्री स्वतःच्या नावानिशी फार क्वचित भेटते.

मग बेट हातोहात फिरू लागलं. सहाव्या शतकात अथेन्सचा सत्ताधीश पिसिस्ट्रॅटॉस याने देवळातून नजरेला पडतील तेवढ्या कबरी उकरून दुसरीकडे हलवल्या. सामॉस बेटाचा सत्ताधीश पॉलिक्रॅटीस त्याच्याही पुढे गेला: त्याने रेनिया बेट जिंकलं आणि साखळीने डेलॉसला बांधून अपोलोला अर्पण केलं. ही माहिती पाचव्या शतकातल्या इतिहासकार थ्युसिडिडीसने दिली आहे, आणि तो उगाच चमत्कार सांगणारा लेखक नव्हे. बेट बांधून देवाला देणं म्हणजे त्या समुद्रावर माझी सत्ता आहे, हे सांगण्याची रीत होती.

इराणी स्वाऱ्या परतवल्यावर इ. स. पू. ४७८मध्ये अथेन्सच्या पुढाकाराने ग्रीक राज्यांचा संघ झाला. त्याची तिजोरी डेलॉसवर ठेवली आणि बैठकाही इथेच. सुरुवातीची वार्षिक वर्गणी ४६० टॅलेंट (चांदीचं मोठं वजनी माप) ठरली. मी वर म्हटलं ते इथे प्रत्यक्षात दिसतं: पैसा कुणा एका शहराच्या पोटात नको, म्हणून ज्याला आरमार नाही, सैन्य नाही अशा देवाच्या बेटावर. चोवीस वर्षांनी, ४५४मध्ये, अथेन्सने ती तिजोरी उचलून आपल्या अॅक्रोपोलिस गडावर नेली. संघाचं साम्राज्य झालं ते त्याच सुमारास. डेलॉसवर अपोलोचं जे मोठं देऊळ बांधायला घेतलं होतं त्याचं काम अर्ध्यावर थांबलं, ते दीड शतकाने पुन्हा हाती घेण्यात आलं.

यानंतरचं प्रकरण वाचताना मला दर वेळी राग येतो. इ. स. पू. ४२६च्या हिवाळ्यात अथेन्सने बेटाचं संपूर्ण शुद्धीकरण केलं. सगळ्या कबरी उकरून हाडं आणि सोबतच्या वस्तू रेनियावर नेऊन पुरल्या, आणि फर्मान काढलं की यापुढे डेलॉसवर कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. दिवस भरलेल्या बाईला आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाला होडीत घालून पलीकडे न्यायचं. सोयर आणि सुतक दोन्ही बेटाबाहेर. हे पवित्रतेच्या नावाने झालं, पण परिणाम बघा: ज्या गावात आपला बाप पुरलेला नाही आणि आपलं मूल जन्मलेलं नाही, त्या गावावर आपला हक्क कोणत्या तोंडाने सांगायचा? चार वर्षांत पुढचं पाऊल पडलं. ४२२मध्ये, कुठल्याशा जुन्या दोषामुळे हे लोकच अपवित्र आहेत असं ठरवून अथेन्सने सगळ्या डेलॉसवासियांना हाकललं. इराणी सुभेदार फार्नाकेसने त्यांना आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यावर अॅड्रामिटियम गावी आसरा दिला. वर्षभराने, स्पार्टाबरोबरच्या युद्धात झालेले पराभव मनात येऊन आणि डेल्फीच्या देवाचा कौल झाला म्हणून, त्यांना परत आणलं. पण त्या निर्वासित गावात काय घडलं होतं तेही थ्युसिडिडीस सांगतो. अर्साकेस नावाच्या इराणी अधिकाऱ्याने त्यांच्यातल्या प्रमुख माणसांना मित्र म्हणून मोहिमेवर बोलावलं, जेवायला बसले असताना वेढलं आणि भाल्यांनी मारून टाकलं.

या शुद्धीकरणातून इतिहासकाराच्या हाती मात्र एक पुरावा आला. उकरलेल्या कबरींपैकी निम्म्याहून अधिक कबरी आशिया मायनरमधल्या कॅरियन लोकांच्या होत्या, हे शस्त्रांवरून आणि पुरण्याच्या पद्धतीवरून ओळखता आलं, असं थ्युसिडिडीस नमूद करतो. पुरातन वस्तूवरून जुन्या वस्तीबद्दल अनुमान काढण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण त्या काळात शोधून सापडत नाही. ज्या खड्ड्यात अथेन्सने ते अवशेष टाकले तो रेनियावर १८९८च्या सुमारास सापडला. त्यातली मडकी आज मिकोनॉसच्या संग्रहालयात आहेत, म्हणजे तुमच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

अथेन्सचा डामडौल बघायचा तर ४१७ची सेनापती निकियासची यात्रा बघा. पूर्वी गायकांची पथकं होडीतून उतरताच गर्दीत गोंधळ उडायचा. निकियास आपलं पथक घेऊन आधी रेनियावर उतरला. अथेन्समध्येच माप घेऊन पूल तयार करवला होता, तो सोनेरी मुलामा, हार आणि गालिच्यांनी सजवलेला. रातोरात त्याने तो खाडीवर टाकला आणि पहाटे मिरवणूक गात गात पुलावरून देवाच्या बेटावर आली. त्याने तिथे काशाचा ताडवृक्ष उभारला, आणि दहा हजार द्राख्माला (द्राख्मा म्हणजे ग्रीक चांदीचं नाणं) जमीन विकत घेऊन तिचं उत्पन्न डेलॉसच्या लोकांनी यज्ञभोजनासाठी आणि निकियासच्या कल्याणाच्या प्रार्थनेसाठी खर्चावं असं ठरवून दिलं. पुढे तो काशाचा ताड वाऱ्याने मोडला आणि नॅक्सॉसकरांच्या महाकाय अपोलोवर पडून त्यालाही घेऊन कोसळला.

सॉक्रेटिसच्या मृत्यूशीही हे बेट जोडलेलं आहे. अथेन्सहून दर वर्षी डेलॉसला एक पवित्र जहाज जाई, आणि ते परत येईपर्यंत शहरात देहदंड देणं निषिद्ध असे. ३९९मध्ये खटल्याच्या आदल्याच दिवशी त्या जहाजाला हार घातला गेला. त्यामुळे निकालानंतर सॉक्रेटिसला, त्याचा शिष्य झेनोफन याच्या म्हणण्यानुसार, तीस दिवस तुरुंगात मिळाले. तुरुंगात मित्रांशी झालेले त्याचे प्रसिद्ध संवाद त्या दिवसांतले. गणिताची गोडी असेल तर आणखी एक धागा: घनाकृती वेदी दुप्पट करा, असा कौल डेलॉसकरांना मिळाल्याची कथा आहे. घन दुप्पट करण्याचा हा प्रश्न फक्त पट्टी आणि कंपासने सुटत नाही, हे १८३७मध्ये पिएर वांत्झेलने सिद्ध केलं. गणितज्ञ आजही त्याला डेलॉसचाच प्रश्न म्हणतात.

डेलॉसकर मुकाट्याने सोसत होते असं समजू नका. इ. स. पू. ३७६च्या सुमाराचा एक लेख आहे, त्यात अथेन्सने नेमलेल्या देवस्थानच्या अधिकाऱ्यांना देवळातून ओढून बाहेर काढून मारल्याबद्दल काही डेलॉसकरांना कायमची हद्दपारी आणि प्रत्येकी दहा हजार द्राख्मा दंड झाल्याची नोंद सापडते. त्याच दगडावर कोणत्या शहराने देवाचं किती व्याज थकवलं त्याची यादीही आहे. देऊळ सावकारी करत होतं, साधारण दहा टक्के व्याजाने, आणि कर्जदार शहरं होती.

इ. स. पू. ३१४ ते १६७ या काळात बेट स्वतंत्र होतं. माझ्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत चांगला काळ, आणि पर्यटक नेमका हाच काळ वगळतात, कारण त्याची खरी संपत्ती पुतळ्यांत नसून हिशेबांत आहे. देवस्थानाचे विश्वस्त दर वर्षी जमाखर्च दगडावर कोरून उभा करत. देवाच्या शेतांचा खंड, घरांचं भाडं, होडीच्या उताराचा कर, कारागिरांची मजुरी, पपायरसची किंमत, डांबर, सरपण, दर महिन्याला देऊळ शुद्ध करण्यासाठी लागणारं डुकराचं पिल्लू. प्राचीन ग्रीसमधल्या भावांचा चढउतार वर्षानुवर्षं सलग तपासायचा तर अर्थशास्त्राचे अभ्यासक इथेच येतात. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला एक कायदा मला फार बोलका वाटतो. तो लाकूड आणि कोळशाच्या विक्रीचा आहे. बाहेरून माल आणणाऱ्याने तो स्वतःच विकायचा, जकातीच्या वेळी सांगितला असेल त्याच भावाने विकायचा, बेटावर घेऊन बेटावरच पुन्हा विकायचा नाही, आणि मापं सरकारी वापरायची. चूल पेटवायलाही ज्यांना परक्या होडीची वाट बघावी लागते, त्यांनी दलालांची साखळी तोडण्यासाठी केलेला हा कायदा आहे.

१६७मध्ये रोमने मॅसिडोनियाचं राज्य मोडलं आणि लगेच डेलॉस अथेन्सच्या ताब्यात देऊन खुलं बंदर जाहीर केलं. जकात नाही. हे डेलॉसच्या प्रेमापोटी झालं नाही. ऱ्होड्स या व्यापारी बेटाने युद्धात रोमची बाजू पुरेशी घेतली नव्हती, त्याला धडा शिकवायचा होता. ऱ्होड्सच्याच वकिलांनी रोममध्ये सांगितलेला आकडा इतिहासकार पॉलिबियसने दिला आहे: त्यांच्या बंदराचं उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आलं. आणि डेलॉसचे लोक? त्यांना सामान उचलून निघून जाण्याचा हुकूम झाला. ते पेलोपोनीसमध्ये अकियन संघाच्या आश्रयाला गेले, तिथले नागरिक झाले आणि अथेन्सविरुद्ध दावे लावत राहिले. बेटाच्या भरभराटीचं जे शतक पर्यटकांना दाखवतात, त्यात मूळचे डेलॉसकर नाहीत, हे दाखवणाऱ्यांनी सांगायला हवं.

१४६मध्ये रोमने कॉरिंथ उद्ध्वस्त केलं आणि तिथला व्यापारही इकडे वळला. इटलीचे व्यापारी, सिरियाचे, फिनिशियाचे, अलेक्झांड्रियाचे, सगळ्यांच्या पेढ्या आणि वखारी इथे झाल्या. मसाले, अत्तरं, मद्य, धान्य, काशाच्या वस्तू. पण सर्वांत मोठा धंदा माणसांचा होता. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की डेलॉसला एका दिवसात दहा-दहा हजारांच्या पटीत गुलाम उतरवून त्याच दिवशी रवाना करता येत, आणि त्यावरून म्हणच पडली होती: व्यापाऱ्या, धक्क्याला लाग, माल उतरव, सगळं विकलं गेलंय. आकडा फुगवलेला असू शकेल, धंदा खरा होता. इटलीतल्या मोठ्या शेतांवर राबायला माणसं हवी होती, आणि आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सिलिशियाचे चाचे ती पुरवत होते. तुम्ही त्या धक्क्यावरच उतराल, तेव्हा हे माहीत असलेलं बरं. तळ्याजवळचा इटालियनांचा चौक हा बेटावरचा सर्वांत मोठा बांधीव परिसर. काही अभ्यासक तोच गुलामांचा बाजार होता असं म्हणतात. मला ते पटत नाही. तिथे स्नानगृहं आहेत, दात्यांचे पुतळे ठेवायचे कोनाडे आहेत. एका समाजाच्या मिरवण्याची ती जागा वाटते. माणसं विकायला वेगळी वास्तू लागत नाही, धक्का पुरतो.

माणसांबरोबर त्यांचे देवही आले. त्यांच्यासाठी तुम्ही किंथॉसच्या पायथ्याशी नक्की थांबा. तिथे इनोपॉस ओढ्याकाठी सारापिस या इजिप्शियन देवाचं पहिलं, अगदी छोटं ठाणं आहे. तिथे सापडलेल्या खांबावर पुजारी अपोलोनिओसने आपल्या घराची हकीकत कोरून घेतली आहे. त्याचा आजोबा इजिप्तमधल्या मेम्फिसहून देवाची मूर्ती बरोबर घेऊन आला, रिवाजाप्रमाणे पूजा करत राहिला आणि सत्त्याण्णव वर्षं जगला. त्याच्यामागे बाप डेमेट्रिओसने सेवा चालवली. देव तोवर भाड्याच्या खोलीत. मग नातवाच्या स्वप्नात येऊन देवाने सांगितलं की मला स्वतःचं देऊळ हवं, आता भाड्याच्या जागेत राहायचं नाही. जागा मीच दाखवीन. जागा निघाली ती उकिरड्याची, बाजाराच्या वाटेवरच्या पाटीवर विक्रीला लावलेली. सौदा झाला, सहा महिन्यांत देऊळ उभं राहिलं, आणि लगेच काही लोकांनी पुजाऱ्यावर खटला भरला. देवाने पुन्हा स्वप्नात येऊन जिंकण्याचा शब्द दिला. हीच कथा खाली पद्यातही सांगितली आहे, तिथे कोर्टात विरोधकांची वाचाच बसते. पुढे अथेन्सचा अंमल आल्यावर इथल्या अधिकाऱ्याने हे देऊळ बंद पाडायचा प्रयत्न केला, तेव्हा पुजारी डेमेट्रिओस (वरच्या बापाच्याच नावाचा, पण वेगळा) थेट रोमला गेला आणि इ. स. पू. १६४च्या सुमारास सिनेटकडून पूर्वीप्रमाणे सेवा चालू ठेवण्याचा ठराव घेऊन आला. तोही दगडावर आहे. परक्या गावात आपला देव आणून, भाड्याच्या खोलीतून हक्काच्या जागेपर्यंत आणि तिथून राजधानीच्या दरबारापर्यंत भांडणारं हे घराणं मला नॅक्सॉसच्या सिंहांइतकंच भव्य वाटतं.

त्याच उतारावर सिरियाच्या अटार्गाटिस आणि हदाद यांचं देऊळ आहे. बैरुतच्या व्यापाऱ्यांनी पोसायडनच्या नावाने मंडळ काढून स्वतःची इमारत बांधली. पूर्व किनाऱ्याजवळच्या एका वास्तूला बरेच अभ्यासक ज्यू सभागृह मानतात. ते असेल तर ज्ञात सभागृहांत सर्वांत जुन्यांपैकी एक. तिच्या जवळच गेरिझिम पर्वताला दान पाठवणाऱ्या समॅरिटन, म्हणजे ज्यूंच्या जवळच्या पण वेगळ्या समाजाच्या, लोकांचे लेख मिळाले आहेत.

घरांमध्ये क्लिओपात्राचं घर चुकवू नका. ही राणी नव्हे, अथेन्सची एक बाई. तिचा नवरा डायोस्कुरिडेस याने अपोलोच्या देवळाला चांदीच्या दोन तिवया वाहिल्या, आणि त्याबद्दल १३८च्या सुमारास तिने घराच्या चौकात त्याचा पुतळा उभा केला. दोघंही आज मस्तकाविना उभी आहेत. तिच्या अंगावरच्या पातळ शेल्याच्या चुण्यांतून आतल्या वस्त्राच्या चुण्या दिसतात, दगडात. डॉल्फिनच्या घरातल्या फरसनक्षीवर अराडॉसच्या, म्हणजे सिरियाच्या किनाऱ्यावरच्या, अस्क्लेपिआडेसची सही आहे आणि उंबऱ्याशी फिनिशियन देवी टानिटचं चिन्ह. बहुतेक घरांत चौकाखाली पावसाच्या पाण्याची टाकी असते. नाट्यगृहात साडेपाच हजार लोक बसत, आणि त्याच्या पायऱ्यांवरून वाहून येणारं पाणीसुद्धा खाली कमानींच्या प्रचंड टाकीत साठवलेलं आहे. झरा नसलेल्या शहराने एक थेंब वाया जाऊ दिलेला नाही.

हे सगळं वीस वर्षांत संपलं. इ. स. पू. ८८मध्ये काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा राजा मिथ्रिडाटीस याने रोमविरुद्ध युद्ध पुकारलं, डेलॉस रोमच्या बाजूने राहिलं, आणि त्याच्या सेनापतींनी बेट लुटलं. इतिहासकार अॅपियन वीस हजार मेल्याचं सांगतो, बहुतेक इटालियन. त्यात आजूबाजूच्या जागाही धरलेल्या आहेत. बेट जरा सावरतंय तोवर ६९मध्ये अथेनोडोरॉस नावाच्या चाच्याने पुन्हा जाळपोळ केली. ज्या चाच्यांच्या मालावर बाजार मोठा झाला होता, त्यांनीच तो मोडला. त्या आगीत जळलेल्या एका घरात मातीच्या पंधरा हजारांच्या आसपास मुद्रा सापडल्या. करारांचे आणि हिशेबांचे पपायरस राख झाले, त्यांवरची माती भाजून टिकली. मुद्रा आहेत, करार नाहीत.

रोमन सेनापती ट्रिआरिअसने घाईने तटबंदी घातली, पण तोवर जहाजांनी दुसऱ्या वाटा धरल्या होत्या. इटलीची जहाजं आता सरळ पूर्वेला जात, रोमची सत्ता सर्वत्र असल्याने खुल्या, तटस्थ, देवाच्या बंदराची गरजच उरली नाही. इ. स.च्या दुसऱ्या शतकात प्रवासवर्णनकार पॉसेनिअस लिहितो की अथेन्सने देवळाचे राखणदार काढून घेतले तर डेलॉसवर चिटपाखरू राहणार नाही. आज तिथे गाव का नाही, याचं उत्तरही इथेच आहे. स्वतःचं पाणी, लाकूड, धान्य नसलेलं गाव दुसऱ्यांच्या गरजेवर जगतं, आणि इथे मुळं धरून राहू शकणारे जे होते त्यांना तर त्या जाळपोळीच्या शंभर वर्षं आधीच हाकललं होतं.

आता प्रत्यक्ष जाण्याबद्दल. १८७३पासून इथे अथेन्समधली फ्रेंच संस्था उत्खनन करते आहे, १९९०पासून बेट जागतिक वारसा यादीत आहे. रात्री मुक्काम करता येत नाही. मिकोनॉसच्या जुन्या बंदरातून होडी अर्ध्या तासात पोहोचवते. सकाळची पहिली पकडा आणि परतीची शेवटची वेळ आधी विचारून घ्या. हिवाळ्यात फेऱ्या जवळपास नसतात. टोपी, भरपूर पाणी आणि चांगले बूट घ्या. बहुतेक लोक उतरल्यावर डावीकडे सिंहांकडे धावतात. तुम्ही उलट जा: आधी नाट्यगृहाची वस्ती आणि घरं, मग सारापिसचं ठाणं, ऊन चढायच्या आत किंथॉस. माथ्यावरून भोवतालची बेटं एका नजरेत येतात आणि हे ठिकाण का निवडलं गेलं ते समजतं. उतरताना देवळांचं आवार आणि शेवटी तळं. तळं म्हणजे आता एक गोल खळगा आहे. मलेरियामुळे १९२०च्या दशकात ते बुजवलं आणि लेटोच्या आठवणीसाठी मध्ये ताडवर्गातलं एक झाड लावलं.

परतीच्या प्रवासात अथेन्समध्ये राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला अर्धा दिवस ठेवा. निकांड्रेचा पुतळा तिथे सुरुवातीच्या शिल्पांच्या दालनात आहे, लेख डाव्या बाजूला आहे हे लक्षात ठेवा. बैरुतच्या मंडळाच्या इमारतीतलं प्रसिद्ध शिल्पही तिथेच: अॅफ्रोडाइटी हातात चप्पल उगारून अंगचटीला येणाऱ्या, बोकडाचे पाय असलेल्या पॅन देवाला दूर ठेवते आहे आणि छोटा इरॉस त्याचं शिंग धरून ढकलतो आहे. बैठकीवरचा लेखही बघा: बैरुतच्या डायोनिसिओसने स्वतःच्या आणि मुलांच्या भल्यासाठी आपल्या वाडवडिलांच्या देवांना हे वाहिलं, असं त्यात लिहिलं आहे.